दोघांत एक सोनेरी पट्टा

खरेदीसाहेबांच्या घरात दोन नग असलेली वस्तू म्हणजे फक्त उशा. बाकी सगळा कारभार दोघांत एक. छत्री एक, वर्तमानपत्र एक, गरम पाण्याची पिशवी एक. बाहेर गेलं की चहा एक आणि त्यासोबत एक रिकामा कप. आईस्क्रीमचा कोनसुद्धा एकच. वरचा गोळा काकूंनी खायचा आणि खालची कुरकुरीत शंकूची बाजू साहेबांनी. दोघांच्या वाचायच्या चष्म्याचा नंबर जवळपास सारखाच आहे असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा साहेबांना झालेला आनंद मुलगी झाली त्या दिवशीच्या आनंदाच्या खालोखाल होता. तेव्हापासून चष्माही एकच झाला. काकू तांदूळ निवडायला बसल्या की साहेबांना बातम्यांचे फक्त मथळे वाचता येत.

याला कोणी कंजूषपणा म्हटलं तर साहेब खवळत. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात काढली होती, म्हणून तर गल्लीत लहानथोर सगळे त्यांना खरेदीसाहेबच म्हणत. तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय त्या माणसाने कचेरीसाठी कधी टाचण्यांची डबीसुद्धा घेतली नाही. "संसार म्हणजे काय हो?" ते विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता सांगायचे, "वाटून घेणं!" काकू यावर काही बोलत नसत. चाळीस वर्षांत त्यांनी साहेबांना एवढं तरी ओळखलं होतं, की ते विचारतात ते प्रश्न नसतात.

तर लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीने आणि जावयाने दोघांना बोटीच्या सफरीची तिकिटं काढून दिली. सात दिवस, हॉटेलसारखी भली थोरली बोट. चार दिवस रमतगमत सरळ पूर्वेला जायचं, एका बेटाला वळसा घालायचा आणि वेगाने परत यायचं. फोनवर लेक म्हणाली, "बाबा, त्या बोटीवर प्रीमियम म्हणून एक प्रकार आहे. जादा पैसे भरले की जादा सोयी. ते तेवढं तुम्ही ठरवा. आणि घ्यायचंच तर दोघांचं घ्या." यातलं शेवटचं वाक्य साहेबांनी ऐकलं, पण लक्षात ठेवलं नाही.

सोयी तशा तीनच होत्या. चढताना वेगळा दरवाजा, म्हणजे रांग नाही. वरच्या मजल्यावर वेगळं जेवणघर. आणि सकाळी नऊपर्यंत बोटीचा अगदी पुढचा डेक फक्त प्रीमियमवाल्यांना. काकूंनी यादी ऐकली आणि तिसऱ्या सोयीपाशी त्यांचा हात पोळीवरच थांबला.

"पुढच्या डेकवरून सूर्य उगवताना दिसत असेल ना हो?"

"दिसेल की. पूर्वेलाच जायचंय."

"मला तेवढंच हवं. आपण दोघं शेजारी शेजारी बसून बघू. बाकी त्या बोटीवर काही नसलं तरी चालेल."

यात काकूंचं काही जगावेगळं मागणं नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेलाच होती, पण तिच्यासमोर चार हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत आणि त्या भिंतीवर न्हाणीघरांचे सहा पाइप. चाळीस वर्षं रोज सकाळी त्या चहा टाकत, तेव्हा सूर्य त्या पाइपांच्या पलीकडे कुठेतरी उगवत असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. साहेब म्हणाले, "होईल." आणि कामाला लागले. म्हणजे त्यांनी एक कागद घेतला, त्यावर रकाने आखले आणि तीन ठिकाणची मतं मागवली.

पहिलं मत वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचं. ते एकदा अशा बोटीवर जाऊन आले होते आणि तेव्हापासून कोणाच्याही तोंडात आरसा घातला की सफरीची गोष्ट सांगत, कारण समोरच्याला मधे बोलता येत नसे. "साहेब, प्रीमियमशिवाय बोटीवर जाणं म्हणजे अर्धी भूल देऊन दाढ काढणं! डोळे मिटून घ्या." साहेबांनी लिहिलं, 'अनुकूल, पण सल्लागाराची आवक जास्त.'

दुसरं मत शेजारच्या विमावाल्या बाईंचं. "छे हो काका, सगळी लूट असते! बोट सगळ्यांची एकच. बुडली तर काय प्रीमियमवाले मागून बुडणार आहेत?" हे ऐकून काकू जरा घाबरल्या. साहेबांनी लिहिलं, 'प्रतिकूल. मुद्दा विचारात घेण्याजोगा.'

तिसरं मत खुद्द कंपनीचं. फोनवरच्या मुलीला साहेबांनी पाऊण तास धरून ठेवलं.

"प्रीमियम खोलीला असतं की माणसाला?"

"माणसाला, सर."

"पण आम्ही दोघं एकाच खोलीत आहोत. नवरा-बायको आहोत."

"हो सर. अभिनंदन, सर."

"मग नवरा-बायको म्हणजे किती माणसं धरायची?"

"दोन, सर."

"हे कुठल्या नियमाने?"

मुलगी म्हणाली, "मोजल्यावर दोन होतात, सर."

साहेबांनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विजय होता. सोयी माणसाला मिळतात, म्हणजे माणसाजवळ काहीतरी पास असणार. पास म्हणजे वाचनालयाच्या कार्डासारखी वस्तू. वस्तू म्हटली की ती एकाकडून दुसऱ्याकडे देता येते. सकाळी काकूंनी, रात्री साहेबांनी. कधी अदलाबदल. डेकवर काय, एक पुढे गेला की दुसरा त्याच्या मागोमाग. तीन भाव मागवून चौथाच शोधून काढला, याचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्यांनी तो कागद जपून ठेवला. एकच प्रीमियम घेतलं. "पुरेल ना हो?" काकूंनी विचारलं. "आजवर कुठे काय कमी पडलंय?" साहेब म्हणाले. खरं तर हा प्रश्न तेवढा त्यांनी उत्तराची वाट पाहून विचारायला हवा होता.

बंदरावर कळलं की पास वगैरे काही नसतो. सोनेरी रंगाचा रबरी पट्टा असतो, तो मनगटावर बसवून चिमट्याने खटकन बंद करतात. कापल्याशिवाय निघत नाही, आणि कापला की रद्द. पट्टेवाल्या बाईने चिमटा उचलून विचारलं, "कोणाच्या हाताला?" मागे रांग खोळंबलेली. साहेबांनी आपला हात पाहिला, तिथे घड्याळ होतं. "हिच्या लावा," ते म्हणाले, "माझ्या हातात घड्याळ आहे." आसपासच्या बायकांनी काकूंकडे कौतुकाने पाहिलं. बायकोसाठी चाळीस वर्षांत एवढा मोठा त्याग साहेबांनी केला, तोही घड्याळ काढायचा कंटाळा म्हणून. ही गोष्ट त्यांना पुढे फार लागली.

काकूंना गालिच्यावरून आत नेलं. साहेब उरलेल्या साडेतीन हजार माणसांत उभे राहिले. अडीच तासांनी लक्षात आलं की रक्तदाबाची गोळी, चष्मा आणि रुमाल काकूंच्या पिशवीत आहेत. खोलीत पोचले तेव्हा काकू आंघोळ करून, फळांचा रस पिऊन, काळजीने दारात उभ्या होत्या.

"मी खालीच येते हो तुमच्याबरोबर जेवायला," काकू म्हणाल्या.

"वेडी आहेस का? घेतलंय ना ते? मग वापर. वाया घालवायचं नाही."

"एकटीला कसं तरी वाटतं."

"दोन दिवस वाटेल. वरचं जेव, आणि काय काय होतं ते मला येऊन सांग."

अशी नवी वाटणी सुरू झाली. काकूंनी जेवायचं आणि साहेबांनी ऐकायचं. तळमजल्याच्या बिनखिडक्यांच्या भोजनालयात ताट घेऊन ते रांगेत उभे राहत आणि वर आपल्या वाट्याचं काय चाललं असेल ते मनात आणत. सूर्याचंही तेच. "मी मागच्या डेकवर तुमच्याजवळ उभी राहीन," काकू पहिल्या रात्री म्हणाल्या. साहेबांनी समजावलं, "अगं, पूर्वेला चाललोय. मागून काय, पश्चिम दिसणार! तू पुढे जाऊन बघ आणि मला सांग." सकाळी काकू परत आल्या.

"कसा होता?"

"छान होता. लाल."

"लाल म्हणजे कसा लाल? वर यायला किती वेळ लागला?"

"घड्याळ तुमच्या हातात आहे."

एवढ्याशा अहवालावर कचेरीत साहेबांनी कुठलंही बिल मंजूर केलं नसतं. दुसऱ्या सकाळीही तेच. तेव्हा त्यांनी स्वतःच जायचं ठरवलं. कोणाच्या तरी केकच्या खोक्याची सोनेरी फीत जिन्यात पडली होती. चौथ्या दिवशी पहाटे त्यांनी ती मनगटावर नीट गुंडाळली, बाही थोडी वर सरकवली आणि प्रीमियम डेकच्या दोरीपाशी हात पुढे करून रुबाबात उभे राहिले. रखवालदार फार सभ्य माणूस. त्याने वाकून फीत वाचली. तिच्यावर ओळीने छापलं होतं, 'वाढदिवसाच्या शुभेच्छा.'

"तुम्हालाही, सर," तो म्हणाला आणि दोरी होती तशीच राहिली.

मागे उभं असलेलं एक अख्खं कुटुंब हसलं. त्यातल्या आजोबांनी तर साहेबांना हात मिळवून किती वर्षं पूर्ण झाली ते विचारलं. दोरीच्या पलीकडे काकू होत्या. त्यांनी पाहिलं की नाही, हे साहेबांनी कधी विचारलं नाही. एकतीस वर्षं ज्याने खोटी बिलं नुसत्या वासावरून ओळखली, तो माणूस खोटा पट्टा बांधून पकडला गेला होता. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं की सकाळी दहापर्यंत ते खोलीतून बाहेर पडणार नाहीत. खोलीला खिडकी नव्हती, ते एका परीने बरंच झालं.

चौथ्या दिवशी रात्री बोट वळली. पाचव्या दिवशी सकाळी काकू लगबगीने खोलीत आल्या. "अहो, उठा ना. आज जरा मागच्या डेकवर चला माझ्याबरोबर."

साहेबांनी चादर डोक्यावरून घेतली. "मागे काय आहे? मागे आमच्यासारखे फुकटे. तुला पट्टा आहे ना? मग पुढे जा, वापर!"

"अहो पण ऐका तरी..."

"मला काही ऐकायचं नाही!"

काकूंनी पलंगावरची शाल उचलली. मग ती घेऊन त्या गेल्या.

त्याच दुपारी दारावर टकटक झाली. वरच्या जेवणघरातला वाढपी उभा होता, हातात काकूंची चष्म्याची डबी. "अर्ध्या मॅडम आहेत का, सर? टेबलावर राहिली त्यांची."

"कोण अर्ध्या मॅडम?"

वाढपी ओशाळला. "माफ करा, सर. आम्ही आपसात प्रेमाने म्हणतो. त्या सगळं अर्धंच जेवतात ना! सूप अर्धं, भाजी अर्धी, केकचासुद्धा बरोब्बर मधोमध काप करतात. आणि उरलेली ताटली समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवतात. पहिल्या दिवशी मी उचलायला गेलो तर हात धरला माझा. म्हणाल्या, राहू दे, ते यांचं आहे. आमच्या मुख्य आचाऱ्याला वाटलं चव आवडत नाही, तो स्वतः येऊन विचारून गेला. आता आम्ही त्यांना दोघांचंच टेबल देतो."

"मग त्या अर्ध्याचं काय होतं?" साहेबांनी विचारलं. सवयीने विचारलं.

"टाकून द्यावं लागतं, सर."

वाढपी गेल्यावर साहेब पलंगावर बसून राहिले. खाली रांगेत उभं राहून पाच दिवस ते मनातल्या मनात काकूंचा हेवा करत होते, आणि वर बायको एकटी बसून रोज त्यांचा वाटा काढून ठेवत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. अशी लाज कचेरीत कधी वाटली नव्हती, वाढदिवसाच्या फितीतसुद्धा नाही.

काकू आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "पूर्ण का जेवत नाहीस?"

काकूंनी डबी पिशवीत ठेवली. "सवय आहे. हात आपोआप थांबतो." मग त्या हळूच म्हणाल्या, "जेवणातलं अर्धं तुमच्यासाठी ठेवता येतं हो. सूर्य कसा ठेवू? मला तो सांगता येत नाही. आणि आता तर तो..."

पण साहेब पायांत चपला सरकवून केव्हाच बाहेर पडले होते. दुसरा पट्टा! जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते आता करायचं, आणि काकूंना चकित करायचं.

पट्ट्यांच्या खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज दिला. अर्जाला पहिल्या पट्ट्याची पावती हवी होती. पावती काकूंच्या पिशवीत, पिशवी काकूंच्या खांद्यावर, आणि तोवर काकू वरच्या जेवणघरात. तिथे जायला पट्टा हवा. "मग पट्टा द्या, पावती आणतो." "आधी पावती, मग पट्टा, सर." साहेबांना त्या कारकुनात आपलंच तरुणपण दिसलं. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना असंच खिडकीवर उभं केलं होतं आणि प्रत्येकाला वाटलं असेल तेच आज त्यांना वाटत होतं. रात्री काकू झोपल्यावर त्यांनी चोरासारखी पावती काढली. सहाव्या दिवशी सकाळी कळलं की खोलीतल्या दुसऱ्या प्रवाशाची 'हरकत नाही' अशी सही लागते. सही मागितली तर चकित कसं करणार? म्हणून त्यांनी काकूंना एका कोऱ्या कागदावर सही करायला सांगितलं. काकूंनी न वाचता केली. नवऱ्याने पुढे केलेला कोणता कागद त्यांनी वाचला होता? संध्याकाळी, अर्ज तीन खिडक्या फिरून आल्यावर, कारकुनाने चिमटा उचलला. साहेबांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि हात पुढे केला. खटकन आवाज झाला. इतक्या उशिरा प्रीमियम घेणारा हा पहिलाच प्रवासी, असं कारकून म्हणाला. एका सकाळीसाठी पूर्ण सात दिवसांचे पैसे भरायचे होते आणि साहेबांनी घासाघीस केली नाही.

शेवटच्या दिवशी अंधारातच त्यांनी काकूंना उठवलं आणि बाही वर केली. पट्टा पाहून काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"अहो, हे कशाला..."

"एक शब्द बोलायचा नाही. चल!"

त्यांच्या तोंडावरचा आनंद पाहून काकूंना बोलवेना. सभ्य रखवालदाराने दोन्ही पट्टे पाहिले, दोरी काढली आणि साहेबांना पुन्हा शुभेच्छा दिल्या. डेक जवळजवळ रिकामा होता. एवढ्या श्रीमंत लोकांना सूर्याची कदर नाही, असं साहेब म्हणाले. दोघं शेजारी शेजारी बसले. काकूंनी शाल दोघांच्या पायांवर घेतली. समोर करडं पाणी, पलीकडे बंदराच्या गोदामांची काळी ओळ. साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. दहा मिनिटं गेली. वीस मिनिटं गेली. उजेड होत होता, पण सूर्य काही दिसेना.

"ढग असतील," साहेब म्हणाले.

मग समोरच्या गोदामांच्या काचा एकदम लखलखल्या, आणि साहेबांना प्रश्न पडला की हा उजेड येतोय कुठून.

"अहो," काकू म्हणाल्या, "आपण परत चाललोय. तोंड पश्चिमेला आहे. गेले तीन दिवस तो मागून उगवतोय."

साहेबांनी वळून बोटीच्या मागच्या बाजूला पाहिलं.

"मागे?"

"मागच्या डेकवर. साध्या. तिथे कोणी पट्टा विचारत नाही. पाचव्या दिवशी तेच सांगायला आले होते. मी आपली रोज जाऊन दोन खुर्च्या धरते. शेजारच्या खुर्चीवर शाल टाकून ठेवते. वाटायचं, येतील कधीतरी बाहेर."

"चल," साहेब म्हणाले, आणि काकूंचा हात धरून धावत सुटले. ती बोट किती लांब आहे हे त्यांना सात दिवसांत कळलं नव्हतं, ते आता कळलं. पट्ट्यांमुळे सगळे दरवाजे भराभर उघडत होते. मागच्या डेकवर पोचले तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. सूर्य पाण्याच्या दोन हात वर आला होता, पांढरा, नेहमीसारखा, बघवत नव्हता. माणसं चहाला निघून गेली होती. एक खलाशी खुर्च्या एकात एक घालून रचून ठेवत होता.

"आज जरा लवकर आला तो," काकू म्हणाल्या. साहेबांना बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, हे साहेबांना कळलं आणि त्यामुळे आणखी वाईट वाटलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांच्याकडून पहिल्यांदाच येत होतं. काकूंनी नुसता त्यांचा शर्ट नीट केला.

उतरताना फाटकापाशी दोघांचे पट्टे कात्रीने कापून एका टोपलीत टाकले. बंदराबाहेर चहाची टपरी होती. चहावाल्याने दोघांकडे पाहिलं आणि अशा जोडप्यांची सवय असल्यासारखा एक भरलेला कप आणि एक रिकामा कप पुढे केला.

"दोन," साहेब म्हणाले. "दोन पूर्ण."

चहावाल्याने दुसराही काठोकाठ भरला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी काकूंपुढे ठेवला. काकूंनी एक घोट घेतला, मग दुसरा. साहेब आपला कप संपवून त्यांच्या कपाकडेच बघत होते. बरोबर अर्ध्यावर काकूंचा हात थांबला. त्यांनी मनापासून आणखी एक घोट घ्यायचा प्रयत्न केला, कप ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"अहो, मला पूर्ण जात नाही हो आता," त्या म्हणाल्या, आणि उरलेला चहा त्यांनी साहेबांच्या कपात ओतला.

साहेबांनी तो प्यायला. चहा गोड होता, पण तो संपवायला त्यांना बराच वेळ लागला.